खाडीकाठचा खटला पडद्यावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात १९९४ साली खून झाला, खटला चालला, शिक्षा झाली. त्यावर ६ भागांची मालिका करायची आहे. निम्मा भाग मुलाखती आणि कागदपत्रं, निम्मा भाग कलाकारांकडून करून घेतलेलं नाट्यरूपांतर. कागद कुठून मिळवावेत, नाट्य किती आणि कसं ठेवावं, आणि कोकणात चित्रीकरण करताना काय अडतं?

आधी ‘निम्मं-निम्मं’ डोक्यातून काढा. ४२ मिनिटांच्या भागात नाट्यरूपांतर १२ ते १४ मिनिटांच्या वर गेलं की प्रेक्षक कलाकारांनाच खरी माणसं समजू लागतो. मग मुलाखतीत खरी आई बोलायला आली की तीच परकी वाटते. मुलाखती १८ ते २० मिनिटं, कागद-नकाशे-जुनी छायाचित्रं ५ ते ६ मिनिटं, उरलेलं निवेदन आणि जागेची दृश्यं, ही वाटणी निभावते. १३ मिनिटांच्या नाट्याला संवाद असतील तर तीन दिवस धरा, नसतील तर दोन. एका मुलाखतीचं दीड-दोन तास चित्रीकरण होतं आणि त्यातली सात-आठ मिनिटं वापरली जातात. तेव्हा वेळापत्रकात मुलाखतींना नाट्यापेक्षा कमी दिवस देऊ नका.

आता खटला. ‘शिक्षा झाली’ एवढ्यावर थांबायचं नाही, अपिलाचं काय झालं ते पाहायचं. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेला माणूस उच्च न्यायालयात निर्दोष सुटलेला असेल तर त्याला पडद्यावर कोयता उगारताना दाखवणं म्हणजे बदनामीच्या दाव्याला आमंत्रण. अपील प्रलंबित असेल तर न्यायालयाच्या अवमानाचाही प्रश्न येतो. अशा खटल्याला हातच लावू नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्याआधीचे निकाल मुंबईचे. रायगड अजूनही मुंबईकडेच आहे. अलीकडचा खटला असता तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर या १६ अक्षर-अंकांच्या खटला क्रमांकाने निकाल मिळाला असता. १९९४ च्या खटल्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागेल. खटल्याशी संबंध नसलेल्या माणसाला नक्कल हवी असेल तर कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी रत्नागिरीतलाच वकील धरा. मुंबईहून फोनाफोनी करण्यात महिने जातात. जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्टही केले जातात. त्यामुळे मालिकेची घोषणा करण्याआधी नक्कल हातात हवी.

मागायचं काय, तर निकालपत्र, साक्षीदारांचे सरतपास (ज्याने साक्षीला बोलावलं त्या पक्षाच्या वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपास, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मुद्देमालाची यादी. निकालपत्रात ‘अ.सा. ४’ (अभियोग पक्षाचा चौथा साक्षीदार), ‘निशाणी २३’ (न्यायालयाने पुराव्याला दिलेला क्रमांक) असे उल्लेख येतात. ते उतरवून घेतले की कोणता कागद कुठे शोधायचा ते कळतं. दोषारोपपत्र मात्र पोलिसांकडून सहज मिळेल असं धरू नका. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि मिळालं तरी जपून वापरा. त्यातले पोलिसांसमोरचे जबाब शपथेवरचे नसतात. आरोपीने पोलिसांना दिलेला कबुलीजबाब तर पुरावाच धरला जात नाही. त्यातून वस्तू सापडली असेल तर तेवढाच तुकडा न्यायालयापुढे येतो. पोलीस ठाण्यात आरोपी ढसाढसा रडत सगळं सांगतो हे दृश्य अशा मालिकांत हमखास असतं, आणि कायद्याच्या दृष्टीने तेच सर्वांत पोकळ असतं.

न्यायालयीन कागदांवर आधारलेलं लिखाण संबंधितांच्या संमतीशिवाय करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालापासून ठरलेलं आहे. पण कागद जिथे संपतो तिथे ही ढालही संपते. याच निकालात लैंगिक अत्याचाराच्या आणि अपहरणाच्या पीडित स्त्रियांचा अपवाद केलेला आहे. पीडितेची ओळख उघड करणं पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मूल असेल तर पॉक्सोचं (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं. नाव बदललं की झालं, असं शहरात एक वेळ चालेल. कोकणात वीस घरांच्या वाडीत आडनाव, ग्रामदैवताची पालखी, शाळेची पाटी, होडीवरचं नाव यांतलं एक जरी दिसलं तरी पंचक्रोशीला कळतं. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने दूरान्वयानेही ओळख पटेल असं काही येता कामा नये म्हटलं आहे. वाडीच्या बाबतीत हा ‘दूरान्वय’ म्हणजे चार हातांचं अंतर.

इथून नाट्याकडे येऊ. प्रत्येक दृश्यापुढे एकच प्रश्न ठेवा: हे कोणी पाहिलं होतं? संहितेचा तक्ता त्यावरूनच आखायचा. डावीकडून रकाने असे: दृश्य क्रमांक, आधाराचा कागद (साक्षीदार किंवा निशाणी, पान), पाहणारा कोण आणि कुठे उभा, तारीख, वेळ, तिथी, पाणी (भरती की ओहोटी), कागदात नसलेलं काय, आपण जोडलेलं काय. शेवटचा रकाना भरताना लेखक कुरकुरतात. साक्षीदाराने ‘तो घाईत गेला’ म्हटलं, आपण त्याला धावताना, ठेचकाळताना, मागे वळून बघताना दाखवलं, तर तिन्ही गोष्टी त्या रकान्यात लिहायच्या. ज्या दृश्यात हा रकाना आधाराच्या रकान्यापेक्षा लांब होतो ते दृश्य काढून टाकायचं. ते बहुधा सर्वांत रंगलेलं दृश्य असतं. तरी काढायचंच.

तक्ता तयार झाला की दृश्यं आपोआप तीन जातींची होतात, आणि तीन जाती तीन पद्धतींनी चित्रित करायच्या. पहिली जात वस्तूंची: पंचनाम्यात नोंदलेली चप्पल, तुटलेली कौलं, रहाटाचा दोर. इथे नाट्य नको. सपाट उजेड, स्थिर कॅमेरा, वस्तू आणि शेजारी निशाणीचा क्रमांक. दुसरी जात साक्षीची. इथे कॅमेरा साक्षीदार उभा होता तिथेच, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, ३५ ते ५० मिलिमीटरच्या भिंगावर. साक्षीदार पडवीत बसलेला असेल तर गडग्यापलीकडच्या (दगडी कुंपणापलीकडच्या) माणसाचा जवळचा चेहरा आपल्याला मिळणार नाही. नाहीच मिळायला पाहिजे. तिसरी जात सरकारी पक्षाच्या अनुमानाची. प्रत्यक्ष खून कोणीच पाहिलेला नसतो, तो या जातीत मोडतो. तिथे चेहरा नाही, संवाद नाही. हात, पाठ, सावली, मिटलेलं दार एवढंच. आरोपीचा बचाव वेगळी हकिगत सांगत असेल तर तीही याच पद्धतीने, तेवढ्याच लांबीने. एरॉल मॉरिसच्या ‘द थिन ब्लू लाइन’ या १९८८ च्या माहितीपटात एकच गोळीबार वेगवेगळ्या साक्षींप्रमाणे पुन्हा पुन्हा दाखवला आहे. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे त्यामुळे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही, दिसतं. त्यातला शिक्षा भोगणारा रँडल अॅडम्स पुढच्याच वर्षी सुटला.

‘नाट्यरूपांतर’ ही पाटी दृश्याच्या सुरुवातीला तीन सेकंद देऊन भागत नाही. दृश्य संपेपर्यंत ती कोपऱ्यात राहिली पाहिजे, आणि शक्य तिथे ‘अ.सा. ४ च्या साक्षीवरून’ अशी. कारण साधं आहे. तुमच्या भागातला तीस सेकंदांचा तुकडा कोणीतरी कापून व्हॉट्सॲपवर फिरवणारच आहे, आणि त्याच तालुक्यात तो खरी चित्रफीत म्हणून पाहिला जाणार आहे. खोटे सीसीटीव्ही, चित्रावर मुद्दाम आणलेली जुनाट दाणेदारी, संगणकावर बनवलेली वर्तमानपत्राची कात्रणं आणि यंत्राने घडवलेली ‘जुनी’ छायाचित्रं पूर्ण वर्ज्य. एकदा एक कात्रण बनावट निघालं की खऱ्या निशाणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि ‘सत्यघटनेवर आधारित’ व ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही दोन वाक्यं एकाच पाटीवर लिहिण्याची जी रीत पडली आहे ती हास्यास्पद आहे. त्याऐवजी नावं कोणाची बदलली, संवाद कुठून घेतले, काय जोडलं हे तीन ओळींत सरळ लिहा.

संवादांचा प्रश्न सर्वांत नाजूक. न्यायालयात साक्ष सलग कथनासारखी उतरवली जाते, प्रश्न-उत्तरं क्वचितच जशीच्या तशी नोंदतात. पोलिसांच्या कागदात ‘सदर इसम नमूद ठिकाणी मिळून आला’ असली भाषा. गावात कोणी असं बोलत नाही. जसेच्या तसे शब्द सापडतात ते दोन-तीन ठिकाणीच: मृत्युपूर्व जबाबात, धमकीच्या किंवा शिवीच्या नोंदीत, एखाद्या पत्रात. तेवढेच कलाकाराच्या तोंडी द्या. बाकी साक्ष निवेदकाने वाचावी आणि कलाकाराने फक्त वावरावं. हे चित्रीकरणालाही सोपं पडतं, कारण ध्वनी तिथल्या तिथे घ्यावा लागत नाही.

जिथे संवाद ठेवाल तिथे बोली कोणती, हे मुंबईत बसून ठरवू नका. कोकणातला माणूस म्हणजे ‘माका काय म्हायत नाय’ म्हणणारा, ही दूरदर्शन मालिकांची लाडकी समजूत आहे. मालवणी सिंधुदुर्गाची. संगमेश्वराकडे संगमेश्वरी, उत्तरेला दापोली-मंडणगडाकडे बाणकोटी, खाडीकाठच्या मुस्लिम मोहल्ल्यांत कोकणी मुसलमानी, रायगडात आगरी, आणि ब्राह्मण घरांत चित्पावनी किंवा तिचे अवशेष. तुमचा खटला रत्नागिरीच्या खाडीतला आहे, तिथे मालवणी घातलीत तर पहिल्या पाच मिनिटांत गाव टीव्ही बंद करेल. साक्षीदारांच्या मुलाखती आधी करा. त्यांच्याच तोंडची बोली कानावर पडली की लेखकाला वेगळा सल्लागार लागत नाही.

मुलाखती आधी करण्याचं आणखी एक कारण आहे. नाट्याचा एखादा तुकडा साक्षीदाराला दाखवलात की तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीत तो मिसळतो, आणि मग तो तुमच्याच कलाकाराचं वर्णन तुम्हाला ऐकवतो. मुलाखत आणि न्यायालयातली साक्ष यांत फरक पडेल. पडतोच. तेव्हा दोन्ही दाखवा, कोणती खरी ते ठरवू नका. साक्षीदाराला मुलाखतीचे पैसे देऊ नका. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या, तीही पावती घेऊन. संमतीपत्र मराठीत असावं आणि मोठ्याने वाचून दाखवावं. वर्षश्राद्धाच्या आसपास, गणपतीत आणि शिमग्यात घरी जाऊ नये. मयताच्या घरच्यांना प्रक्षेपणाची तारीख आधी कळलीच पाहिजे, मग त्यांनी मुलाखत दिलेली असो वा नसो.

आता तक्त्यातला ‘तिथी, पाणी’ हा रकाना. कोकणात हा रकाना साक्ष तपासतो, म्हणून त्यावर वेळ घालवा. उदाहरण घ्या. साक्षीदार सांगतो: वद्य अष्टमीच्या रात्री दहाच्या सुमारास चांदण्यात तरीजवळ (होडीने खाडी ओलांडायच्या जागेजवळ) दोघं उभे दिसले, होडी पाण्यावर हलत होती. पहिली गोष्ट चंद्र. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. चतुर्थीला नऊ-साडेनऊ होतात, हे संकष्टी करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. अष्टमीला मध्यरात्र उजाडते. म्हणजे दहा वाजता चांदणं नव्हतं. दुसरी गोष्ट पाणी. मच्छीमारांचा आडाखा असा की तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. दहा वाजता ओहोटीचे चार तास झालेले, म्हणजे उतरायचं त्यातलं बहुतेक पाणी उतरलेलं. पण खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, तासाभराचाही फरक पडतो. शिवाय अष्टमी म्हणजे भांग, लहान भरती-ओहोटीचे दिवस. उधाणासारखं पाणी तेव्हा चढत नाही आणि उतरतही नाही. तेव्हा होडी चिखलात टेकली होतीच, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. चंद्र मात्र नव्हता.

एक खाच: पंचांगात त्या दिवशी दिलेली तिथी सूर्योदयाची असते. रात्री दहाला पुढची तिथी लागलेली असू शकते. तिथी संपण्याची वेळही पाहावी. आडाखा अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, म्हणून त्याच्यावर विसंबून कोणाला खोटं पाडू नका. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीकोष्टकं असतात.

मग या साक्षीचं करायचं काय? ती ‘दुरुस्त’ करायची नाही. साक्षीत आहे तसंच दृश्य चित्रित करा, चांदण्यासकट, आणि नंतर पंचांगाचं पान दाखवा. उलटतपासात बचावाच्या वकिलाने चंद्राचा प्रश्न विचारला होता का, ते शोधा. विचारला असेल तर तुमच्या भागाचा मध्य तिथेच आहे. विचारला नसेल तरी आहे.

चित्रीकरणातही हेच गणित चालतं. तरीवरचं दृश्य एका दिवसात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी ५० मिनिटं उशिरा सुरू करा, पाण्याची रेघ जुळेल. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र उजेड जुळत नाही. मग पंधरवडा थांबून पुन्हा त्याच वेळेला यावं. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) सलग तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त काम एकाच पाणीपातळीत होत नाही. ओल्या वाळूवर युनिटची पावलं उमटतात, त्यामुळे लांबचं दृश्य आधी, जवळचं नंतर. खाडीच्या चिखलात गमबूट रुतून बसतात. फळ्या टाकून वाट करा आणि कलाकाराच्या कमरेला दोर असू द्या. कांदळवनात फांदीही तोडायची नाही.

ऋतूचं सोंग फार वेळ निभावत नाही. आषाढातला खून जानेवारीत चित्रित करायचा तर सडा (कातळाचं माळरान) पिवळा, पऱ्ह्या (ओहोळ) कोरडा, शेतात कणसं कापल्यानंतरची खुंटं. दहा हजार लिटरचा टँकर आणि पावसाच्या नळ्या एका खळ्यापुरत्या (अंगणापुरत्या) आणि एका रात्रीपुरत्या. उघड्या शेताला पुरत नाहीत. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा, हिरवळ असते आणि पाऊस सरींचा असतो. गणपतीची तारीख तेवढी पाहून घ्या. मार्चनंतर भाजावळीचा (पेरणीआधी जमीन भाजण्याचा) धूर प्रत्येक दृश्यात येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढून शाकारलेल्या (झावळ्यांनी झाकलेल्या) असतात, तेव्हा जुलैच्या घटनेत समुद्रात मासेमारी करणारी यांत्रिक होडी दाखवली तर मच्छीमार हसतील. कौलावरचा आणि पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो. १९९४ च्या घराला पत्रा दाखवणार असाल तर तो तेव्हा होता का, हे पंचनाम्यात बघा. पंचनामा घराचं छप्पर लिहितोच.

काळाच्या चुका बहुतेक वेळा लहान गोष्टींत होतात. १९९४ च्या पोलिसाच्या तोंडी खुनासाठी कलम ३०२ हवं, १०३ नव्हे. नवीन संहिता १ जुलै २०२४ पासूनची, जुन्या गुन्ह्याला जुनाच कायदा. कोकण रेल्वेची पूर्ण सेवा २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, त्यामुळे मुंबईहून येणारा भाऊ एसटीनेच येईल. रत्नागिरीच्या गाडीला एमएच ०८, पण १९८९ च्या आधीची जुनी गाडी असेल तर तीन अक्षरांची जुनी पाटी. त्याहून जुना खटला घेतलात तर १ मे १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता आणि १९८१ पूर्वी रायगडाला कुलाबा म्हणत, हे ठाण्याच्या पाटीवर लक्षात ठेवा. गावातले आजचे दिवे एलईडीचे पांढरे. तेव्हाचा ४० वॅटचा पिवळा दिवा कमी दाबाने मिणमिणायचा, तो डिमरवर ६० टक्क्यांना आणला की जमतो. चांदण्यासाठी दीड-दोन किलोवॅटचा एचएमआय (चित्रीकरणाचा प्रखर पांढरा दिवा) पाच-सहा मीटर उंचीवर, कॅमेरा ४३०० केल्विनच्या आसपास. दिवसा चित्रित करून रात्र भासवायची तर आकाश चौकटीबाहेर ठेवावं लागतं, आणि समुद्रकाठी ते ठेवताच येत नाही.

कलाकार. दिसायला हुबेहूब माणूस शोधू नका, अंगयष्टी आणि चाल जुळली की पुरे. आरोपीचं काम करणारा त्याच तालुक्यातला नसावा. मालिका संपते, चेहरा गावात राहतो. दशावतारातली मंडळी उत्तम, कारण लिहिलेली संहिता नसताना कथानकाच्या आधारावर उत्स्फूर्त बोलण्याची त्यांची सवय असते; तुम्ही साक्ष समजावून सांगितलीत की ते बरोबर पकडतात. अडचण दोन. आवाज आणि हातवारे शेवटच्या रांगेसाठीचे असतात, ते खाली आणायला पहिला अर्धा दिवस जातो. आणि हंगामात रात्रभर नाटक करून आलेल्या माणसाला सकाळी सातला उभं करू नये.

रक्ताबद्दल दोन ओळी. एक लिटरसाठी ७०० मिलिलिटर लिक्विड ग्लुकोज, २५० मिलिलिटर पाणी, १५ ते २० मिलिलिटर लाल खाद्यरंग, एक चमचा कोको, निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब. जांभ्याच्या लाल मातीवर ते लाल दिसत नाही, ओलसर काळं दिसतं. पंचनाम्यातही ‘काळपट डाग’ असंच असतं. शेणाने सारवलेल्या जमिनीत ते मुरतं, पुन्हा सारवून सुकायला उन्हातही दोन-तीन तास, म्हणजे दिवसाला दोनदाच. आणि मुंग्या पाच मिनिटांत हजर. मुळात तिसऱ्या जातीच्या दृश्यात रक्त किती लागतं? बहुतेक वेळा लागतच नाही.

परवानग्यांत कंटाळा करू नका. चित्रीकरणाच्या परवानगीसाठी गोरेगावच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. धक्के आणि जेट्टी सागरी मंडळाकडे. सिंधुदुर्ग, विजयदुर्गासारखे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. ड्रोन हिरव्या (आधी परवानगी न लागणाऱ्या) पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्याहून जवळ आधी परवानगी. सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ आहे, रत्नागिरीत तटरक्षक दलाची धावपट्टी, म्हणून सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी पाहूनच उडवा. (झावळ्यांवरून समुद्राकडे झेपावणारं ड्रोनचं दृश्य टाळता आलं तर टाळाच, कोकणातली प्रत्येक मालिका त्यानेच सुरू होते.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरपंच, पोलीस पाटील, जवळचं ठाणं आणि सागरी पोलीस यांना तारीख, वेळ, जागा लेखी कळवणं. रात्री होडीतून काहीतरी उतरवण्याचं किंवा किनाऱ्यावर प्रेत पडल्याचं दृश्य असेल तर नक्कीच. १९९३ च्या मुंबई स्फोटांची सामग्री श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांना अनोळखी होडी दिसली की १०९३ हा सागरी सुरक्षेचा फोन लावायला शिकवलं आहे. कोणी ना कोणी लावेलच, आणि ते बरोबरच असेल. पोलिसांचा गणवेश घातलेले कलाकार चित्रीकरणाच्या जागेबाहेर चहाच्या टपरीवरही जाऊ द्यायचे नाहीत.

खरी जागा फक्त माहितीपटाच्या भागासाठी, नाट्य दुसऱ्या खाडीत. तिथला काठ त्याच दिशेला तोंड करून असावा, नाहीतर सूर्य चुकतो. मयताचं घर नव्या मालकाने भाड्याने द्यायची तयारी दाखवली तरी घेऊ नका.

ध्वनीसाठी माजघर सर्वांत चांगलं. जाड चिऱ्याच्या भिंती समुद्राची घुमघुम अडवतात, मागे दोन गोधड्या टांगल्या की प्रतिध्वनी जातो. तरी ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे आवाज कापा, आणि प्रत्येक खोलीची ६० सेकंदांची शांतता वेगळी नोंदवून ठेवा. संध्याकाळच्या मुलाखतीत रातकिडे चिकटून येतात, ते नंतर काढता येत नाहीत. कॅमेरा वातानुकूलित खोलीतून बाहेर आणल्यावर पिशवी अर्धा तास बंदच ठेवायची, नाहीतर भिंगावर दव धरतं.

देव, देवचार, कौल, भानामती यांचा मोह आवरा. साक्षीदाराने ‘गाऱ्हाणं घातलं, कौल लावला’ (देवाला साकडं घालून त्याचं उत्तर मागितलं) म्हटलं असेल तर ते त्याच्या मुलाखतीत राहू द्या, त्यावर शंखध्वनी आणि डोलणारी झाडं नकोत. तो त्याचा विश्वास आहे, पुरावा नाही, आणि नाट्यात आला की पुरावा वाटू लागतो.

वकिलाने संहिता वाचावी आणि संकलनाची पहिली जुळणी पाहावी, दोनदा. ओटीटीवर जाणार असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे वयोगटाचं वर्गीकरण लागेल, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम संहिता. प्रक्षेपणानंतर तक्ता, संमतीपत्रं, नकला आणि न कापलेल्या मुलाखती फेकायच्या नाहीत. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. तेवढा काळ तरी दोन वेगळ्या हार्ड डिस्क दोन वेगळ्या गावांत ठेवा. त्यांतली एक कोकणात असेल तर बंद डब्यात सिलिका जेलसह, आणि जेल दर पावसाळ्याआधी बदलून.